वंशावळ तुटते तिथे

मंडळी, मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलच्या नव्या करारातलं येशूच्या जीवनावरचं पहिलं पुस्तक, उघडलं की आधी लागते ती नावांची यादी. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, अशी ती बापाकडून मुलाकडे, चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन टप्प्यांत चालते. बहुतेक वाचक ही पानं ओलांडून थेट नाताळच्या गोष्टीवर येतात. माझी विनंती आहे, ओलांडू नका. येशू कुमारी मातेच्या पोटी जन्मला, या श्रद्धेचा अर्थ मत्तय पहिल्यांदा सांगतो तो या यादीतच.

'याकोबाला योसेफ झाला' इथवर यादी येते. आता 'योसेफाला येशू झाला' असं आपण मनातल्या मनात म्हणून टाकतो, आणि तिथेच वाक्य वळतं. योसेफ हा मरीयेचा पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला, एवढंच मत्तय लिहितो. इतका वेळ एका लयीत चाललेली बाप-मुलाची साखळी शेवटच्या कडीला तुटते.

त्याआधीही मत्तयाने या यादीत चार बायका आणून बसवल्या आहेत. सासऱ्यापासून मुलं झालेली तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाबातून आलेली परकी रूथ, आणि जिचं नावही न घेता 'उरीयाची बायको' म्हटलंय ती, दुसऱ्याची बायको असताना दाविद राजाने जिला आपल्याकडे आणलं ती बथशेबा. आपलं कूळ उजळ दाखवायचं असतं तर कोणीही नेमक्या याच चार गाळल्या असत्या. मत्तयाने त्या वेचून घेतल्या. वाचकाला तो तयार करतोय: देवाचं काम तुमच्या कुळाच्या सरळ रेषेने चालत नाही.

आणि योसेफ? त्या काळच्या यहुदी समाजात वाङ्निश्चय झाला की कायद्याने मुलगी बायकोच; तो मोडायचा तर सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचं पत्र, द्यावं लागे. मरीया गरोदर आहे हे कळल्यावर, तिचा बोभाटा होऊ नये म्हणून गुपचूप सूटपत्र द्यायचं त्याने ठरवलं होतं. मग स्वप्नात त्याला देवदूताचं सांगणं येतं, की हा गर्भ पवित्र आत्म्यापासून आहे, आणि तो दोन गोष्टी करतो: तिला घरी आणतो, आणि बाळाचं नाव ठेवतो. नाव ठेवणं म्हणजे मूल आपलं म्हणणं. म्हणजे पाहा, येशूला 'दाविदाचा पुत्र', म्हणजे दाविद राजाच्या वंशातला, म्हणतात ते मत्तयाच्या सांगण्यात रक्तामुळे नाही; एका माणसाने त्याला आपलं म्हटलं, म्हणून.

आता लूककडे येऊ; येशूच्या जन्माची कथा सांगणारा हा दुसरा शुभवर्तमानकार. आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी कुंतीची आठवण काढतंच. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते; कुमारिकेच्या पोटी दिव्य पुत्र ही कल्पना आपल्या ओळखीची आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंतालाही ग्रीक कथांवरून हेच विचारलं जात होतं. फरक समजून घ्यायला हवा. कुंतीकडे सूर्य येतो, ग्रीक कथेत झ्यूस येतो; देव तिथे पुरुषाच्या जागी आहे. लूकच्या कथेत त्या जागी कोणीच नाही. 'हे कसं होईल?' असं मरीया विचारते, तेव्हा देवदूत म्हणतो की परात्पराचं सामर्थ्य तुझ्यावर छाया करील. ही छाया जुन्या करारातल्या निर्गमाच्या पुस्तकातली आहे. रानात इस्राएल लोकांनी उभारलेल्या निवासमंडपावर ढग उतरला आणि देवाचं तेज आत भरलं, ते चित्र. जिथे देव राहायला येतो ती जागा आता नासरेथ गावातली एक मुलगी आहे.

आणि या मुलीला विचारलं जातं. बाराव्या शतकातल्या क्लेरव्होच्या मठाधिपती बर्नार्डने आपल्या प्रवचनात हा क्षण थांबवून धरला आहे: देवदूत उत्तराची वाट पाहतोय, आदाम वाट पाहतोय, सगळं जग तिच्या पायाशी येऊन थांबलंय, आता बोल! मग ती म्हणते, 'मी प्रभूची दासी आहे, तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो.' बापाला विचारलेलं नाही, वाग्दत्त वरालाही नाही. जिच्या शरीरात हे घडायचं, तिचाच होकार.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भांडण झालं ते मात्र आपल्याला वाटतं त्या शब्दावरून झालं नाही. आज 'कुमारी' म्हटलं की लोक अडखळतात. तेव्हा अनेकजण 'जन्म' म्हटलं की अडखळत. देव आणि बाळंतपण? दुसऱ्या शतकातला मार्कियोन, ज्याची शिकवण मंडळीने नाकारली, तो म्हणे, ख्रिस्त जन्मलाच नाही, तो मोठा होऊनच प्रकटला. काहींच्या मते नळातून पाणी जावं तसा तो मरीयेतून फक्त गेला, तिचं काहीच न घेता. अंत्युखियाचा बिशप इग्नाती दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहितो की तो खरोखर जन्मला, त्याने खरोखर खाल्लं-प्यायलं. पुढे तर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने तर गर्भ, रक्त, वेणा, बाळाला गुंडाळलेली फडकी, या सगळ्याचं वर्णन करून मार्कियोनला ठणकावलं: तुला ज्याची किळस येते त्यावरच ख्रिस्ताने प्रेम केलं. प्रेषितांच्या विश्वासांगिकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या जुन्या कबुलीत, 'कुमारी मरीयेपासून जन्मला' हे शब्द आहेत, त्यात हे सगळं आहे. 431 साली इफिससला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने मरीयेला 'देवमाता' म्हटलं, तेही येशू कोण आहे हे सांगण्यासाठी.

म्हणूनच या श्रद्धेवरून जेव्हा स्त्रीचं शरीर, संसार, बाळंतपण हे सगळं हलकं ठरवलं जातं, तेव्हा मला राग येतो. असं शिकवलं गेलंय, व्यासपीठांवरून शिकवलं गेलंय, आणि अनेक बायकांनी ते आयुष्यभर मनाला लावून घेतलंय. मत्तयात आणि लूकात त्याला आधार नाही. (कॅथलिकांचा 'निष्कलंक गर्भसंभव' हा सिद्धांत, जो 1854 साली पोप नवव्या पायसने जाहीर केला, तो मरीया स्वतः आईच्या पोटी आली त्या क्षणाविषयी आहे, त्याची इथे गल्लत करू नये.)

एक प्रश्न प्रामाणिक आहे: मार्क आणि योहान हे बाकीचे दोन शुभवर्तमानकार, आणि नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणारा पौल, ही कथा सांगत नाहीत, मग ती एवढी मोलाची कशी? पौल 'स्त्रीपासून जन्मलेला' एवढंच म्हणतो. मार्कात गावकरी येशूला 'मरीयेचा मुलगा' म्हणतात. जिथे माणूस आपल्यासारखाच बापाच्या नावाने ओळखला जाई, तिथे हे खटकतं. योहान मात्र पहिल्याच अध्यायात एक विलक्षण गोष्ट करतो. रक्तापासून नाही, देहाच्या इच्छेने नाही, पुरुषाच्या इच्छेने नाही, देवापासून जन्म, हे शब्द तो वापरतो ते विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी! पाचव्या शतकात पोप पहिला लिओ तेच उलगडून सांगतो: बाप्तिस्म्याचं पाणी हे कुमारीच्या उदरासारखं आहे, ज्या आत्म्याने तिचं उदर भरलं तोच हे पाणी भरतो.

याचा अर्थ आपल्या महाराष्ट्रात फार जवळून लागतो. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेच्या काठी लोकांना सुनावत होता, 'अब्राहाम आमचा बाप' असं म्हणू नका, देव या दगडांतूनही अब्राहामाला लेकरं देईल. आणि आपण? पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा घेतलेली घरं सोयरीक जमवताना आजही चौकशी करतात, 'पण ते मूळचे कोण?' रविवारी उभं राहून 'कुमारी मरीयेपासून जन्मला' म्हणणाऱ्या तोंडाने हा प्रश्न विचारता येत नाही. मत्तयाने पहिल्याच पानावर ती यादी तोडली आहे. ती पुन्हा जोडायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.