खळ्यावरचं क्रोके

राम राम श्रोतेहो. मागच्या जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी सात वाजता, औसा रोडला आमच्या शेतातल्या खळ्यावर १२ माणसं हातात लांब दांड्याच्या लाकडी मोगऱ्या घेऊन उभी होती. त्यात दहावीतला एक पोरगा होता, उदगीरचे एक इंजिनिअर होते, दोन रिटायर्ड मास्तर, माझी जाऊ, शेजारच्या मेडिकलवाल्या ताई, आणि ७४ वर्षांच्या आमच्या आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून. एका बाजूला हुरड्यासाठी आगटी पेटलेली, धूर खाली खाली पसरायला लागलेला, आणि खळ्याच्या मधोमध एक खुंटा आणि त्याच्या भोवती सहा लोखंडी कमानी. या खेळाचं नाव क्रोके. क्रिकेट नाही बरं का, क्रोके. आज मी त्याच्याबद्दलच बोलणारे.

मला हा खेळ कळला तो लेकीमुळं. ती इंग्लंडमध्ये असते, तिच्या बाळंतपणाला मी गेले होते तर तिथं तिची शेजारीण मला एका दुपारी त्यांच्या गावच्या क्रोके क्लबात घेऊन गेली. क्लब म्हणजे काय तर कापून बारीक केलेल्या गवताचं मैदान, एक लाकडी खोली, त्यात चहाची किटली, आणि बाहेर पंधरा-वीस माणसं, त्यातली बरीचशी सत्तरीच्या पुढची. मला वाटलं बघत बसायचंय. तर एका आजोबांनी माझ्या हातात मोगरी दिली, टोपीतनं चिठ्ठी काढायला लावली आणि चिठ्ठीत ज्यांचं नाव निघालं त्या बाई म्हणाल्या, चला, आज आपली जोडी. मी आयुष्यात शाळेच्या मैदानावर फक्त शिट्टी वाजवलेली, खेळले कधीच नव्हते, लग्नाआधी घरचे खेळू देत नव्हते आणि लग्नानंतर वेळ नव्हता, आणि त्या दिवशी दोन तास मी खेळले आणि घरी येऊन लेकीला धरून रडले. खरं सांगते.

आता खेळ कसा ते सांगते, अवघड नाही. चार बॉल असतात, निळा, लाल, काळा, पिवळा. निळा-काळा एका पार्टीचे, लाल-पिवळा दुसऱ्या पार्टीचे, आणि पाळी त्याच क्रमानं येते, निळा मग लाल मग काळा मग पिवळा. एका पाळीला एकच टोला. सगळे जण एकाच कमानीतनं आपला बॉल काढायला बघतात, ज्याचा पहिला गेला त्याच्या पार्टीला एक पॉइंट, आणि लगेच सगळ्यांनी पुढच्या कमानीकडं वळायचं. मोठ्या मॅचला १३ कमानी, म्हणजे त्याच सहा परत परत घ्यायच्या, आधी ७ मारेल तो जिंकला. आम्ही छोटी मॅच खेळतो, ७ कमानींची, आधी ४ मारेल तो जिंकला, वीस-पंचवीस मिनिटांत होते. ह्या प्रकाराला गोल्फ क्रोके म्हणतात आणि ह्यात जगात इजिप्तचे खेळाडू फार भारी आहेत. दुसरा एक जुना प्रकार आहे, असोसिएशन क्रोके, त्यात दुसऱ्याच्या बॉलला आपला बॉल लागला की जादा टोले मिळतात आणि एकच माणूस बराच वेळ खेळत राहतो. तोही चांगलाय, पण नव्या माणसाला बाहेर बसून राहावं लागतं म्हणून आम्ही तो घेतला नाही.

सोपं वाटतं ना? पण कमान बघा किती अरुंद. बॉल ९२ मिलिमीटरचा आणि कमान आतून साधारण ९५ ची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून तीनच मिलिमीटर जागा. मोठ्या स्पर्धेत तर ती एक मिलिमीटरच्याही आत आणतात. जरा तिरपा मारला की ठण्ण करून बॉल परत. ताकदीचं काम नाहीच हे, म्हणून तर पोरगा आणि आजी समोरासमोर उभे राहू शकतात. आणि लहानपणी ज्यांनी गोट्या खेळल्यात, समोरच्याची गोटी नेम धरून उडवलीय, त्यांना निम्मा खेळ येतोच, कारण कमानीपुढं येऊन बसलेला दुसऱ्याचा बॉल लांब उडवणं हाच इथला मोठा डाव.

लातूरला परत आल्यावर मी ह्यांना म्हटलं, आपण हे सुरू करायचं. पहिला प्रश्न गवताचा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आपल्या लातूरला पाणी आलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय, घागरी घेऊन लाईनला मीही उभी होते, त्या गावात मी खेळासाठी गवताला पाणी घालणार नाही, हे माझं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मग आम्ही एका संस्थेच्या मैदानावर, कडेच्या कोपऱ्यात, परवानगी घेऊन खेळायला लागलो. दीड महिना चाललं आणि एक दिवस गेटवरच सांगितलं की उद्यापासून यायचं नाही, हे काय म्हाताऱ्यांचे चाळे, मैदान पोरांना लागतं. पोरं तिथं संध्याकाळी यायची, आम्ही सकाळी सहाला. पण ऐकून घेणारं कुणी नव्हतं. फार लागलं ते मनाला, दोघी जणी तर तेव्हापासून आल्याच नाहीत.

तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आगं शेतात खळं हाय की. करायलीस काय रडत बसून?"

आता आजकाल मळणी मशीननं होते, त्यामुळं आमचं खळं कित्येक वर्षं पडूनच होतं, गवत-काटे वाढलेले. आत्याबाईंनी स्वतः उभं राहून ते परत करून घेतलं आणि मला तेव्हा कळलं की सपाट, कडक, बॉल सरळ पळेल अशी जमीन कशी करायची ही विद्या आपल्या घराघरात होती. आधी काटे काढून जमीन खरडली, मग मुरूम टाकला, कारण नुसती काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मग पाणी शिंपडून वापसा येऊ दिला, त्यावर भुसा पसरला म्हणजे माती चिकटत नाही, आणि मग धुमसानं चोपायला सुरुवात, एका कडेनं गोल गोल, दोन गडी आणि आम्ही सगळे, चार दिवस. वरनं शेणाचा सडा. खळं मुळात गोल असतं, ते चारी बाजूनं वाढवून साधारण ६० फूट लांब आणि ४५ फूट रुंद केलं. खरं मैदान ३५ यार्ड बाय २८ यार्डांचं असतं, म्हणजे आमचं बरंच लहान, पण घरगुती खेळाला पुरतं. आणि मैदानाच्या मध्यावर क्रोकेत एक खुंटा असतोच, तो रोवताना आत्याबाई बघत होत्या, त्या म्हणाल्या, "ह्यो तर तिवडाच की." मळणीला बैल ज्याच्याभोवती फिरायचे तो तिवडा. तेव्हापासनं आमच्यात त्याला तिवडाच म्हणतात, पेग कुणी म्हणत नाही.

कमानी वेल्डरकडून करून घेतल्या, बांधकामाची १६ एमएमची सळई वाकवून, जमिनीपासून एक फूट उंच. पहिल्या खेपेला त्यानं माया करून चार इंच रुंद केल्या, म्हणाला ताई बॉल सहज जाईल. मी परत करायला लावल्या. सहज जाऊन कसं चालेल. पहिल्या कमानीच्या डोक्याला निळा रंग आणि शेवटच्या कमानीला लाल, हा नियमच आहे. बॉल सुरुवातीला खरादावर बाभळीचे करून घेतले, ऑइल पेंट मारून, दिसायला इतके देखणे झाले होते, पण एप्रिलच्या उन्हात दोन तडकले आणि एक तर ऐन मॅचमध्ये दुभंगला. शेवटी लेकीनं येताना चार बॉल आणले, एक बॉल बरोबर एक पौंडाचा म्हणजे ४५४ ग्रॅम, चार मिळून पावणेदोन किलोच्या वर भरले, तिनं त्यासाठी स्वतःचे कपडे कमी आणले. मोगऱ्या मात्र इथल्याच, आमच्या सुतारदादांनी केलेल्या, आणि त्या मी कुणालाही दाखवीन अशा झाल्यात.

आता फ्रेंडली मॅचेस. औशाची, उदगीरची, अंबाजोगाईची मंडळी येतात, कधी आम्ही जातो, अंबाजोगाईत एकांच्या अंगणात चारच कमानी बसतात तर चारच लावून खेळतो. पण मला सगळ्यात प्रिय आमची हुरड्याची स्पर्धा. तिचे नियम आम्ही बसून ठरवलेत. एक, गावाविरुद्ध गाव नाही, जोड्या चिठ्ठीनं, आणि प्रत्येक फेरीला जोडी बदलायची, म्हणजे सकाळी ज्याच्याविरुद्ध खेळलात तोच दुपारी तुमच्या बाजूला. त्यानं काय होतं, चांगला खेळणारा नव्याला आपणहून शिकवतो, कारण पुढच्या फेरीत तोच पदरात पडायचाय. हिशेब ज्याचा त्याचा, कोण किती मॅच जिंकलं एवढाच. दुसरं, जो कच्चा त्याला काही जादा टोले, ते त्यानं मॅचमध्ये हवे तेव्हा वापरायचे. ही सवलत आम्ही काढलेली नाही, जगभर क्रोकेत ही पद्धत आहे आणि कुणी त्यात कमीपणा मानत नाही. बक्षीस गुळाची एक ढेप, तीही तिथंच फोडायची.

आणि अंपायर नाही. घरगुती क्रोकेत खेळणारेच अंपायर, आपला फाऊल आपणच सांगायचा. हे मला ह्या खेळातलं सगळ्यात मोठं वाटतं.

जानेवारीतली ती शेवटची मॅच सांगते. तीन-तीन पॉइंट झालेले, म्हणजे सातवी कमान राहिली, आणि सातवी म्हणजे परत पहिलीच. एका बाजूला इंजिनिअर साहेब काळ्या बॉलवर आणि माझी जाऊ निळ्यावर, दुसरीकडं दहावीचा पोरगा लालवर आणि आत्याबाई पिवळ्यावर. साहेबांनी काळा बॉल नेऊन कमानीच्या अगदी तोंडाशी ठेवला, पुढच्या पाळीला तो जाणारच. पाळी आत्याबाईंची, अंतर आठ-दहा हात. सगळे गप्प. त्यांनी पदर सावरला, मोगरी दोन्ही हातांनी उखळात मुसळ धरतात तशी धरली, बाजूनं झोका दिला आणि पिवळा बॉल जाऊन काळ्याच्या बरोबर मध्यावर बसला. काळा कमानीच्या खांबाला घासून पार कडेला गेला आणि पिवळा तिथंच, काळ्याच्या जागेवर, थांबला. मग निळा आला तो चुकला, पोरानं लाल आणून काळ्याच्या वाटेत आडवा ठेवला, काळा तिथं अडला, आणि परत आत्याबाई. ह्या वेळी त्यांनी हळू मारला, जरा जास्तच हळू, आणि बॉल कमानीत जाऊन मध्येच उभा राहिला. गेला का नाही गेला? नियम असा की ज्या बाजूनं बॉल आत शिरला त्या बाजूला तो कमानीच्या बाहेर जराही डोकावता कामा नये. इंजिनिअर साहेब, म्हणजे समोरच्या पार्टीचे, खाली मुरमावर पालथे झाले, पोराच्या कंपासमधली पट्टी घेतली, कमानीच्या दोन्ही खांबांना टेकवून वरनं खाली सरकवली, ती बॉलला कुठंही अडली नाही. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "आजी, गेला बॉल. तुम्ही जिंकलात."

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पट्टी मागून घेतली आणि स्वतः वाकून बघितलं.

श्रोतेहो, बायकांचा विषय निघालाय म्हणून सांगते, ह्या खेळात बायका पहिल्यापासून पुरुषांच्या बरोबरीनं आहेत. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बायकांना मैदानी खेळ जवळपास नव्हतेच, तेव्हा क्रोकेत त्या त्याच मैदानावर त्याच नियमांनी खेळत होत्या. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा उतरल्या, त्यात क्रोके खेळणाऱ्या फ्रान्सच्या बायकाही होत्या. डोरोथी स्टील नावाच्या बाईंनी तर इंग्लंडमधली ओपन चॅम्पियनशिप, पुरुष आणि बायका सगळ्यांसाठी एकच असलेली, चार वेळा जिंकली, १९२५, १९३३, १९३५ आणि १९३६. आणि आपण टीव्हीवर विम्बल्डनचं टेनिस बघतो ना, तो क्लब १८६८ ला सुरू झाला तो क्रोकेसाठी. टेनिसची पहिली स्पर्धा १८७७ ला घेतली, आणि सांगतात की ती मैदानाचा बिघडलेला रोलर दुरुस्त करायला पैसे हवेत म्हणून घेतली. त्या क्लबच्या नावात आजही क्रोके आहे. मला ही रोलरची गोष्ट फार आवडते, आमच्याकडं रोलर नाही, धुमस आहे, पण चिंता तीच.

तर ज्यांच्या शेतात खळं पडून आहे त्यांनी एकदा जाऊन ते बघा. ज्यांना शेत नाही त्यांना मोकळा प्लॉट, वाड्याचं अंगण चालतं. कमानी उन्हाळ्यात ढिल्या पडतात, पहारीनं खड्डा जरा खोल घ्या आणि बाजूनं ओला मुरूम ठोकून भरा, नुसत्या काळ्या मातीत रोवू नका, आमचं पहिलं वर्ष त्यातच गेलं. पायात सपाट तळाची चप्पल. आणि घरातल्या ज्या बाईनं कधी काही खेळलेलं नाही तिच्या हातात पहिली मोगरी द्या, तिला बघायला बसवू नका.

ह्या वर्षीची ज्वारी चांगली आहे, गुळभेंडीही पेरलीय थोडी, कणसं हुरड्याला आली की आम्ही तारीख ठरवू. आत्याबाईंनी कालच खळ्यावर पाणी शिंपडायला सांगितलंय. त्या दोघी मैत्रिणी, ज्या गेटवरनं परत गेल्या त्या आल्याच नाहीत असं मघाशी म्हटलं ना, त्यांच्याकडं मी उद्या सकाळी जाणारे, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवल्यात. नमस्कार.