माप ज्याचे त्याच्या बोटांचे

श्रोतेहो, नमस्कार.

कंबर धरली किंवा मान अवघडली म्हणजे आपल्या घरांत काय करतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. विटेचा शेक होतो, निरगुडीचा पाला बांधला जातो, जुनी माणसे बिब्ब्याचा चटका देतात आणि एवढ्यानेही भागले नाही की मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते. त्या गोळ्या देणाऱ्या काउंटरवर मी स्वतः नऊ वर्षे बसले आहे. औसा तालुक्यात आमच्या वडिलांचे मेडिकलचे दुकान होते आणि औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन मी तेथेच कामाला लागले. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत संध्याकाळी दुकानापुढे इतकी गर्दी होई, की काय दुखते, केव्हापासून दुखते, पोटात काही आहे का, हे विचारायला मला सवड नसे.

आमच्या गल्लीतील एक काकू अशाच रोज गोळी नेत आणि उपाशीपोटी घेत. एके दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली. जठरात व्रण झाला होता. त्या वाचल्या, परंतु त्या गोळ्या माझ्याच हातून गेल्या होत्या, हे मला विसरता आले नाही. दुखणाऱ्या माणसाला गोळीखेरीज दुसरे काही देता येईल का, या शोधात मी पडले आणि तो शोध मला सोलापूरला, शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून उपचार करणाऱ्या एका वयोवृद्ध ॲक्युपंक्चर तज्ज्ञांपर्यंत घेऊन गेला.

सोलापूरचे नाव निघाले म्हणून सांगते. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू होते. डॉ. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. डॉ. बसू मात्र परतले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन त्यांनी ही सुयांची विद्या शिकून घेतली आणि कोलकात्यात ती सुरू केली. आपल्या शाळांच्या सहली तुळजापूरला जातात, त्या तशाच पुढे तासाभराच्या अंतरावरील सोलापूरला कोटणीसांच्या स्मारकापर्यंत नेल्या पाहिजेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

त्या वयोवृद्ध तज्ज्ञांकडे मी शिकू लागले. आमच्या या सरांनी पहिले चार महिने माझ्या हाती सुई दिली नाही. शरीरावरील बिंदू बोटांनी शोधायचे, एवढेच काम होते. चिनी परंपरेत शरीरातून ऊर्जा वाहते असे मानलेल्या मुख्य मार्गांवरचे ३६१ बिंदू मोजलेले आहेत आणि त्यांची जागा ‘त्सुन’ या मापाने सांगतात. अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन आणि जुळवलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे तीन त्सुन. मी तक्ता पाठ केला, माझी चार बोटे जुळवली आणि मला वाटले की माप माझ्या हाती आले.

पाचव्या महिन्यात उमरगा भागातील एक शेतकरी आजोबा गुडघ्याच्या दुखण्यासाठी आले. उंच, रुंद हाडापेराचे, सत्तरीच्या घरातले. दरवर्षी अश्विनी पौर्णिमेला ते आपल्या गावाहून तुळजापूरला पायी जात आणि दोन वर्षांपासून ती वारी चुकली होती, हेच त्यांचे खरे दुखणे होते. सरांनी मला ‘त्सू-सान-ली’ हा बिंदू शोधायला सांगितले. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे आणि नडगीच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला एक बोट, अशी त्याची जागा. मी खाली बसले, माझी चार बोटे आजोबांच्या गुडघ्याखाली ठेवली आणि पेनने खूण केली.

सर काहीच बोलले नाहीत. बोलले ते आजोबा. माझ्या हाताकडे पाहून त्यांनी विचारले, “लेकी, ही बोटं तुझी. पाय माझा. मग माप कुणाचं?”

मी पुस्तकातले उत्तर दिले, की चार बोटे म्हणजे तीन त्सुन. आजोबा म्हणाले, “आमच्याकडं सुतार जू करतो, तवा बैलाची मान मापतो. स्वतःची नव्हं.”

सरांनी आजोबांचा उजवा हात धरला, कुळवाची रुमणी धरून धरून जाड झालेली त्यांची चार बोटे जुळवली आणि ती त्यांच्याच गुडघ्याखाली ठेवली. माझी खूण त्या बोटांखाली झाकून गेली. खरा बिंदू जवळजवळ एक बोट खाली होता. तेथे सरांनी अंगठ्याने दाबले, तेव्हा आजोबांनी ‘हां, हितंच’ म्हणून मान हलवली. पुस्तकातही तेच लिहिले होते, की माप रुग्णाच्याच बोटांचे घ्यायचे. मी ते वाक्य दहा वेळा वाचले होते आणि एकदाही मनावर घेतले नव्हते. श्रोतेहो, हे मी पुन्हा सांगते: माप रुग्णाच्या बोटांचे, वैद्याच्या बोटांचे नाही.

त्या दिवशी माझ्या हातून पहिली सुई लागली. केसासारखी बारीक सुई आत गेल्यावर जी जड, पसरणारी जाणीव होते, तिला चिनी भाषेत ‘द-छी’ म्हणतात. मी आजोबांना विचारले, की कसे वाटते. ते म्हणाले, “वल्या वावरात पाय रुतल्यावानी.” काळ्या जमिनीत ज्याने पावसाळा काढला आहे, त्याला याहून नेमके वर्णन सुचणार नाही.

पहिल्या दोन बैठकांनी काहीच झाले नाही. पाचव्या बैठकीनंतर त्यांना रात्रीची झोप लागू लागली आणि रोजच्या दोन गोळ्या आठवड्याला दोन-तीनवर आल्या. गुडघ्याची झीज होती तशीच राहिली. ती सुईने भरून येत नाही, हे सरांनी त्यांना आरंभीच सांगितले होते. पौर्णिमेला ते घरून बसने निघाले, नळदुर्गला उतरले आणि तेथून तुळजापूरपर्यंत चालत गेले. ‘त्सू-सान-ली’ या नावात ‘पायाचे तीन ली’ असा अर्थ आहे. ‘ली’ हे चिनी अंतर साधारण अर्ध्या किलोमीटरचे, आणि थकलेला वाटसरू हा बिंदू दाबून आणखी तीन ली चालतो, असे तिकडे सांगतात. आजोबा त्याहून पुष्कळ अधिक चालले.

आता शास्त्राविषयी थोडक्यात. जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी आणि अर्धशिशी यांवर या उपचाराचे पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि त्यांत आराम पडल्याचे दिसते. मात्र खऱ्या बिंदूवर टोचणे आणि भलत्याच जागी टोचणे यांतला फरक अनेकदा लहानच निघतो. या उपचाराच्या मर्यादा ओळखून मी छातीत दुखणाऱ्या, ताप असलेल्या किंवा अचानक पायातले बळ गेलेल्या माणसाला सुई लावत नाही. त्याला तत्काळ दवाखान्यात पाठवते. निंदणी-खुरपणी करून कंबर गेलेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा सुईइतकीच त्यांना उभ्याने तण काढता येणाऱ्या हातकोळप्याची गरज असते. दिवसभर उकिडवे बसून काम करण्याची सक्ती आपण अजून का चालवतो, हे मला कळत नाही.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला मान्यता दिली आणि महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा व परिषद आहे. उपचार घेण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. सुईचे बंद पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडले गेले पाहिजे आणि वापरलेली सुई पुन्हा कोणालाही लागता कामा नये. हे दोनदा सांगते, वापरलेली सुई पुन्हा नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर ते आधी सांगा. येताना उपाशीपोटी येऊ नका आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. काउंटरवर जे विचारायला मला सवड नसे, ते सगळे मी आता विचारते, आणि त्यासाठी पहिल्या बैठकीचा अर्धा तास राखून ठेवते.

नमस्कार.