खड्ड्यातले मासे

(दृश्य : इंग्लंडमधलं शेफिल्ड, कॅसल स्क्वेअर. ट्राम थांबते, माणसं उतरतात.)

ही ट्राम उभी आहे ना, त्या जागी पूर्वी खड्डा होता. आणि खड्ड्यात मासे होते.

थट्टा नाही. १२ डिसेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बनी हा हाय स्ट्रीटचा भाग भाजून काढला. पुढे गाव नव्यानं आखताना चौकाखाली एक गोल भुयारी चौक बांधला, मधोमध आभाळाला उघडा. १९६७ साली तो सुरू झाला. वरून गाड्या फिरायच्या, खालून माणसं. कागदोपत्री नाव कॅसल स्क्वेअर, पण गावाच्या तोंडी 'होल इन द रोड', म्हणजे सरळसरळ रस्त्यातला खड्डा. मुंबईकरांनी हसू नये. आमचा खड्डा मुद्दाम खणलेला होता. त्याला सरकते जिने होते, कडेनं दुकानं होती आणि भिंतीत बसवलेली माशांची काचेची टाकी होती.

आम्ही मालवणहून इथे आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. शनिवारी कॅसल मार्केटात बाजार करून परतताना आई हमखास त्या टाकीपाशी थांबायची. बाकीची पोरं काचेला नाक लावून उभी. आई पिशव्या खाली ठेवायची, एकेक मासा निरखायची आणि निकाल द्यायची, "गोड्या पाण्यातले. ह्यांका चव नसतली."

पिशवीत बांगडे असायचे. तेवढ्यावर ती या गावाला माफ करायची.

(दृश्य : वॉकली. चढावरची दगडी घरं, दारासमोर धुणं.)

आमचं घर वॉकलीत, टेकडीवर. शेफिल्डला सात टेकड्या आहेत म्हणतात. दप्तर पाठीवर असलं की त्या सत्तर वाटतात. बस मात्र स्वस्त होती. शाळकरी मुलांना दोन पेन्समध्ये गावभर फिरता यायचं, आणि आम्ही फिरायचो. काम काहीच नसायचं. १९८६च्या ऑक्टोबरमध्ये बसचा धंदा खाजगी कंपन्यांना मोकळा झाला आणि ते दिवस संपले. माझ्या वयाच्या कुठल्याही शेफिल्डकराला विचारा, तो पहिल्या पाच मिनिटांत त्या दोन पेन्सांवर येतो.

शाळेतला पहिला आठवडा. शेजारच्या बाकावरची मुलगी मला म्हणाली, "गॉट एनी स्पाइस?" स्पाइस म्हणजे मसाला, एवढं इंग्रजी मला येत होतं. दुसऱ्या दिवशी मी आईच्या डब्यातून चिमूटभर मालवणी मसाला कागदाच्या पुडीत बांधून नेला. तिनं तो तळहातावर घेतला आणि चाटला.

शेफिल्डमध्ये 'स्पाइस' म्हणजे गोळ्या-चॉकलेट. हे मला त्या दिवशी मुख्याध्यापिकेच्या खोलीत कळलं. ती मुलगी चांगली होती. दुसऱ्या दिवशी तिनंच मला लिकरिश ऑलसॉर्ट्सची, म्हणजे ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पुडी आणून दिली, आमच्याच गावच्या बॅसेट कंपनीची. मला ती औषधासारखी लागली. फिटंफाट.

भाषेची गोडी आधी बाबांना लागली. एका संध्याकाळी ते कामावरून आले ते हसतच. म्हणाले, "अगं, इथल्या इंग्रजीत 'तू' आहे!" पुस्तकातल्या इंग्रजीनं 'दाऊ' आणि 'दी' केव्हाच टाकून दिले, पण इथले कामगार एकमेकांना अजून 'दा', 'दी' म्हणायचे. त्यावरून शेजारपाजारच्या गावांनी शेफिल्डकरांचं नावच 'डी-डा' ठेवलं. बाबांच्या मते, साहेब 'यू' म्हणतो तोवर तुम्ही पाहुणे. फोरमन 'दा' म्हणाला की घरचे.

(दृश्य : स्वयंपाकघराचं फडताळ. स्टीलचा डबा, त्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव.)

हा डबा आईच्या लग्नातला. शेजारच्या आजींनी तो पहिल्यांदा हातात घेतला ते मला आज घडल्यासारखं आठवतं. त्या बफर होत्या, म्हणजे कारखान्यात चमचे-काट्यांना चकाकी आणणाऱ्या. फिरत्या चाकावर वाळू-तेलाचा लगदा उडायचा, म्हणून या बायका डोक्याला लाल फडकं बांधायच्या आणि पोटाला, पायांना तपकिरी कागद गुंडाळायच्या. आजींनी डबा खिडकीशी नेला, उजेडात तिरपा धरला, काठावरून अंगठा फिरवला. झाकणाची खालची बाजू पाहून जीभ चुकचुकली. आतून नीट घासलं नव्हतं म्हणे. मग कोरीव अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "मेकर कोण?"

इथे सुरीवर कारागिराची खूण लागते, आणि त्या खुणांची नोंद ठेवणारा कटलर्सचा संघ १६२४ सालचा. त्यांना वाटलं, ही खूण नामांकित कारखान्याची असणार. ते माझ्या आजोबांचं नाव होतं. लेकीला दिलेल्या भांड्यावर घातलेलं.

आईला एक गोष्ट मात्र आजींकडूनच कळली. न गंजणारं हे स्टील हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ साली याच गावात काढलं. तो शोधत होता बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारा धातू. सुरुवातीला सुऱ्यांच्या कारागिरांनी चेष्टा केली की याची सुरी कापतच नाही. पुढे त्याच स्टीलनं आपली मांडणी भरली. आई म्हणाली, "म्हणजे डबो माहेराक इलो."

त्याच आजींनी तिला हेंडरसन्स रेलिश दिलं. नारिंगी लेबलाची बाटली, १८८५पासूनची. दिसायला वूस्टर सॉससारखं, पण वूस्टरमध्ये मासळी असते, यात नसते. सोमवार पाळणाऱ्या मालवणी बाईला आणखी काय हवं! सोमवारच्या आमटीतही ते पडायचं.

(दृश्य : डॉन नदीचं खोरं. मोकळी जमीन, मागे मेडोहॉलचा हिरवा घुमट.)

बाबा डॉनच्या खोऱ्यात पोलादाच्या कारखान्यात होते. कुठल्या, ते राहू दे. त्यांनी मला एकदा ॲबीडेलला नेलं होतं, जुनी मुशीची भट्टी दाखवायला. बेंजामिन हंट्समननं १७४०च्या दशकात मातीच्या मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, तिच्यावर हे गाव उभं राहिलं. मुशीची माती अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवावी लागे. हवेचा बुडबुडा राहिला तर मूस भट्टीत फुटायची. आणि तापलेली मूस वर ओढणारे पायांना ओलं गोणपाट गुंडाळायचे. बायकांना कागद, पुरुषांना गोणपाट. टीव्हीवर जागतिक स्नूकर बघताना ज्या क्रूसिबल थिएटरचं नाव तुम्ही १९७७पासून ऐकताय, ते क्रूसिबल म्हणजे हीच मूस.

१९८० साली पोलाद कामगारांचा देशभर संप झाला, जानेवारी ते एप्रिल. त्यानंतर कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. १९८२मध्ये लालबागहून काकांची पत्रं यायची. तिकडे गिरणी संप. बाबा पत्र मोठ्यानं वाचायचे, आणि मला कळायचं नाही की हे काकांचं चाललंय की आमचं. पुढच्या वर्षी बाबांची नोकरी गेली. एका शुक्रवारी ते जेवणाचा डबा, गॉगल आणि हातमोजे घेऊन घरी आले. हातमोजे बरीच वर्षं बागेत गुलाब छाटायला वापरले.

हॅडफील्ड्सचा मोठा कारखाना होता, त्या जागेवर १९९०च्या सप्टेंबरात मेडोहॉल मॉल उघडला. आत ओतकाम करणाऱ्या कामगारांचे ब्राँझचे पुतळे आहेत. आम्ही बाबांना बघायला नेलं. ते जरा वेळ उभे राहिले, मग कोटाची बटणं लावत म्हणाले, "इथे थंडी वाजतेय." काकांच्या गिरणगावातही पुढे मॉल आले. दोघा भावांचं त्यावर कधी बोलणं झालं का, माहीत नाही. २००७ साली टाटांनी कोरस ही पोलाद कंपनी घेतली, तिच्यासोबत गावाबाहेरच्या स्टॉक्सब्रिजचा कारखानाही मुंबईकडे गेला. त्या दिवशी बाबांनी पेपर दोनदा वाचला. २०१७मध्ये टाटांनी तो विकला, तेव्हा बाबा नव्हते.

(दृश्य : रेल्वे स्टेशन. मग कॅसलगेट, कुंपणाआड खोदकामाची जागा.)

या गावाला आपल्या वस्तू झाकायची सवय आहे. जिच्यावरून शेफिल्ड नाव पडलं, ती शीफ नदी या स्टेशनच्या खालून बोगद्यातून वाहते. रोज हजारो माणसं तिच्या डोक्यावर गाडीची वाट बघतात. स्कॉटलंडची राणी मेरी या गावात जवळजवळ १४ वर्षं कैदेत होती. ज्या किल्ल्यात तिला ठेवत, तो यादवी युद्धानंतर पाडला, आणि पुढे त्यावर कॅसल मार्केट आलं. किल्ल्याचे दगड तळघरात होते. वर आई बांगड्याचे कल्ले उघडून बघायची. मार्केट २०१३मध्ये बंद झालं, मग पाडलं. पुढे पुराणवस्तूवाल्यांनी तिथे खणलं, आणि शीफचा थोडा भाग उघडा करायचं काम निघालं.

खड्डा उघडायचं कुणी बोलत नाही. शेवटी शेवटी तिथे गळायचं, दुकानं ओस पडली, संध्याकाळनंतर बायका वरूनच जायच्या. तेही खरंच आहे. १९९४मध्ये तो बुजवला आणि त्यावरून ट्रामचे रूळ टाकले.

(दृश्य : पुन्हा कॅसल स्क्वेअर. ट्रामच्या थांब्यावर एक वृद्ध बाई, पाठमोरी.)

आई आता ऐंशीच्या पुढची आहे. डॉक्टरकडे जाताना आम्ही इथेच ट्राम बदलतो. परवा पाऊस पडत होता. ती छत्री टेकून पायाखालच्या फरशीकडे बघत होती. मला वाटलं चक्कर आली, म्हणून हात धरला.

"मासे खंय गेले असतले गो?" तिनं विचारलं.

ट्राम आली. तिला आधी चढवलं, मग मी चढले.