भाजक शून्य नाही, तरी भागाकाराची चूक का?

हा स्क्रीन नीट बघा. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरमध्ये, फ्लॉपीची इमेज (अख्ख्या डिस्कची फाईलमधली प्रत) जोडली, त्यावरून डॉस सुरू झालं, ए ड्राइव्हचा प्रॉम्प्ट आला. आता टर्बो पास्कल ७ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत केलेला एक जुना प्रोग्रॅम चालवतो. एंटर... रनटाइम एरर २००. म्हणजे म्हणे शून्याने भागाकार! प्रोग्रॅमची स्वतःची पहिली ओळही अजून चाललेली नाही.

इथे बरेच जण इमेज खराब आहे असं समजून दुसरी शोधायला लागतात. थांबा, डिस्क चांगली आहे.

पास्कलचं सीआरटी युनिट, म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड आणि डिले (ठरावीक वेळ थांबणं) सांभाळणारा तयार कोड, सुरू होतानाच मशीनचा वेग मोजतं. टायमरच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, एक लूप किती वेळा फिरला ते मोजायचं आणि त्या आकड्याला ५५ ने भागायचं. भाजक ५५, शून्य नव्हेच. पण उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, आणि तिथे ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. लूप ३६ लाखांच्या थोडा वर गेला की संपलं. भाजक शून्य असो किंवा उत्तर न मावो, प्रोसेसर दोन्हीसाठी एकच इंटरप्ट (काम थांबवून चूक कळवणारा इशारा) देतो, क्रमांक ०. त्यामुळे पास्कलला फरक कळत नाही.

उपाय सोपा आहे. कंट्रोल आणि एफ११ दाबत सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सच्या नकली प्रोसेसरचा वेग, खाली आणा, मग प्रोग्रॅम चालवा. हे बघा, मेनू आला! नंतर कंट्रोल आणि एफ१२ ने वेग वाढवता येतो, पण डिलेचा हिशेब आधीच ठरलेला असतो, त्यामुळे सगळं पळायला लागतं.

आता मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट. ही चूक झाल्यावर इंटेलचा जुना ८०८६ प्रोसेसर स्टॅकवर (परत कुठे यायचं ते लक्षात ठेवायच्या मेमरीत) पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवतो. त्यानंतरच्या २८६ पासून मात्र चुकलेल्या सूचनेचाच पत्ता ठेवला जातो. म्हणजे नुसतं परत फिरणारा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) ८०८६ वर पुढे सरकेल आणि २८६ वर त्याच भागाकारावर कायमचा अडकेल. इम्युलेटर लिहिणाऱ्याने हा फरक सोडला, तर एका मशीनसाठीचा कोड दुसऱ्यावर उगाच अडकतो. चुकासुद्धा जशाच्या तशा उतरवाव्या लागतात, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

विंडोज ९५ चंही असंच. २.१ गिगाहर्ट्झच्या वरच्या प्रोसेसरवर त्याच्या एनडीआयएस या नेटवर्क ड्रायव्हरमधला वेग मोजणारा कोड भागाकारात अडकतो आणि विंडोज प्रोटेक्शन एरर येते. इथे सायकल्सची कळ नसलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकात चालणाऱ्या नकली संगणकात) बूट डिस्कच, म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू होतं ती फ्लॉपी, कामी येते. विंडोज उघडतच नाही, म्हणून फ्लॉपीवरून डॉसमध्ये उतरायचं आणि दुरुस्त केलेली फाईल हार्ड डिस्कवर टाकायची. त्याआधी हार्ड डिस्कच्या इमेजची एक प्रत बाजूला काढून ठेवा.