सहाव्या पुस्तकातलं प्रेम आणि मेरोपीचा पेला

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'हॅरी पॉटरच्या सहाव्या भागातलं प्रेम आणि वाचकांची भांडणं'. समोर बघते तर निम्मे लोक असे, ज्यांनी ते पुस्तक शाळेत असताना बाकाखाली धरून वाचलं असणार. उरलेले त्यांचे आईबाप, ज्यांनी ते मुलांसाठी आणून आधी स्वतः वाचून काढलं. म्हणून कथा सांगत बसत नाही. हेडमास्तर डम्बलडोरचं काय होतं हे कुणाला अजून ठाऊक नसेल तर त्यांनी आत्ताच चहाला बाहेर जावं, चहा तयार आहे.

जे. के. रोलिंगचा हा सहावा भाग, 'हाफ-ब्लड प्रिन्स', आला 16 जुलै 2005ला. एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत 69 लाख प्रती गेल्या. आधीचा भाग आला होता जून 2003मध्ये. म्हणजे मध्ये दोन वर्षं वाचकांच्या हातात नवं काही नव्हतं आणि डोक्यात एकच प्रश्न होता, कुणाचं कुणाशी जमणार? एक पक्ष म्हणायचा हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी. दुसरा म्हणायचा हॅरीचा मित्र रॉन आणि हर्मायनी, आणि त्यांच्यात चौथ्या भागापासून जी कुरबुर चालली होती तिचा हवाला द्यायचा. मग सहावा भाग आला आणि रॉन वर्गातल्या लॅव्हेंडरच्या गळ्यात पडला, हर्मायनीने त्याच्यावर पिवळ्या पाखरांचा थवा सोडला आणि हॅरीच्या छातीत रॉनच्या बहिणीला, गिनीला, पाहून एक श्वापद गुरगुरायला लागलं. त्या श्वापदाला लोक हसले. मला विचाराल तर सोळाव्या वर्षीच्या मत्सराचं इतकं खरं वर्णन लहान मुलांच्या पुस्तकांत फार कमी आहे. तो पोरगा स्वतःच्या मनाला नाव देऊ शकत नाही, म्हणून त्याला ते आत शिरलेलं जनावर वाटतं.

त्याच सुमारास लेखिकेच्या एका मुलाखतीत, मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने हॅरी-हर्मायनीवाल्यांना भ्रमिष्ट ठरवलं आणि ती मंडळी भयंकर दुखावली. ते मला पटतं. दोन वर्षं जीव लावून एक गोष्ट वाचायची आणि बक्षीस म्हणून वेड्यात काढून घ्यायचं! पुढे 2014मध्ये लेखिकेनेच सांगितलं की रॉन-हर्मायनीची जोडी ही तिने स्वतःची हौस पुरवण्यासारखी लिहिली होती. तेव्हा दुसऱ्या पक्षाची पाळी आली.

पण खरा राग मला या दोन्ही पक्षांचा नाही. ते भांडले ते प्रेमाने. राग आहे तिसऱ्या पक्षाचा, ज्याला त्या पुस्तकात प्रेमच नको होतं. त्याबद्दल एक प्रसंग सांगते. थोडा लांबेल, पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

एका शाळेत मी पालक म्हणून ग्रंथालयाच्या कामात मदत करायला जात असे. तिथे या मालिकेचे पाच भाग कपाटात उघडे, कुणीही घ्यावेत असे. सहावा मात्र टेबलाच्या खणात, कुलपात. चौकशी केली. उत्तर आलं, "त्यात चुंबनं आहेत." मी म्हटलं, बाई, त्यात खूनही आहे. त्यात विष घातलेली दारू आहे, शापित हार आहे, तळ्यातून वर येणारी प्रेतं आहेत. एक मुलगा दुसऱ्याची छाती मंत्राने फाडतो आणि न्हाणीघरात रक्ताचं थारोळं होतं. "ते हो, ते मुलांना आवडतं," त्या म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या, वाईट बाई नव्हत्या त्या. चौथ्या भागात सेड्रिक मरतो, पाचव्यात सिरियस जातो, ती पुस्तकं उघड्यावर. आणि क्विडिच या खेळाचा चषक जिंकल्यावर पन्नास जणांच्या देखत एक मुलगा एका मुलीला जवळ घेतो, ते कुलपात.

हा विषय पालकांच्या बैठकीत निघाला तेव्हा एक गृहस्थ उठले. वाचन दांडगं, मालिकेतली मंत्रांची नावं तोंडपाठ. ते म्हणाले, हे सगळं लफड्यांचं काढून टाकलं असतं तर पुस्तक दीडशे पानांनी हलकं झालं असतं आणि मूळ कथा, म्हणजे खलनायक व्होल्डेमॉर्टचा भूतकाळ, स्वच्छ दिसला असता. माना डोलल्या. मागे आठवी-नववीच्या दोन मुली बसल्या होत्या, मदतनीस म्हणून. त्यातली एक हळूच म्हणाली, "पण काका, व्होल्डेमॉर्टचा भूतकाळ म्हणजे लफडंच आहे ना?" सगळे हसले आणि बैठक पुढच्या मुद्द्यावर गेली. कुलूप तसंच राहिलं.

त्या मुलीचं वाक्य हेच आजचं व्याख्यान आहे. मी फक्त त्याला पुरावे जोडणार आहे.

पुराव्यांकडे येण्याआधी एक सांगू? आपल्याकडे लोकलच्या डब्यात ती चिकटवलेली पत्रकं असतात बघा, 'प्रेमात अपयश, वशीकरण, खात्रीशीर'. आपण ती वाचून हसतो. माझ्यासोबत प्रवास करणारी एक मैत्रीण एकदा हसली नाही. म्हणाली, हे ज्या मुलीवर करायचं तिला कुणी विचारलंय का? तेव्हापासून मलाही ते हसू येईनासं झालं. रॉनच्या जुळ्या भावांच्या दुकानात प्रेमाची औषधं गुलाबी बाटल्यांतून विकली जातात, आणि पोरी खिदळत घेतात. तिसऱ्या भागात रॉनची आईसुद्धा हर्मायनीला आणि गिनीला आपल्या तरुणपणच्या तसल्या औषधाची गोष्ट सांगते आणि तिघी हसतात. लेखिका आपल्याला हसू देते. मुद्दाम हसू देते असं माझं म्हणणं आहे.

बरं, आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे कबूल केलेला भाग आता भरभर.

पुस्तक प्रकरणांच्या क्रमाने बघा. नवव्या प्रकरणात स्लगहॉर्न हा शिक्षक वर्गात ॲमॉर्टेन्शिया दाखवतो, जगातलं सर्वांत जालीम प्रेमाचं औषध. तो स्पष्ट सांगतो, याने प्रेम निर्माण होत नाही, फक्त झपाटलेपण येतं, आणि या खोलीतली बहुधा सर्वांत धोकादायक गोष्ट हीच आहे. मॅल्फॉय फिसकन हसतो. लगेच दहाव्या प्रकरणात डम्बलडोर हॅरीला एका जुन्या आठवणीतून गॉन्टांच्या झोपडीत नेतो. तिथे मेरोपी आहे. बापाने आणि भावाने तुडवलेली, कधी कुणी प्रेमाने हाक न मारलेली मुलगी. रस्त्यावरून घोड्यावर जाणाऱ्या देखण्या टॉम रिडलवर तिचा जीव जडलाय. डम्बलडोरचा तर्क असा की एखाद्या उन्हाच्या दिवशी तिने त्याला पाण्याचा पेला दिला असेल, आणि त्यात ते औषध. त्या लग्नातून व्होल्डेमॉर्ट जन्मला. नऊ आणि दहा, लागून. वर्गातलं हसू अजून ओठांवर आहे तोवर त्याची किंमत समोर येते.

मग तेरावं. नवरा सोडून गेलेला, पोटात मूल, लॉकेट दहा गॅलियनला विकलेलं, अनाथालयात बाळंत होऊन तासाभरात मेरोपी मरते. आणि चौदाव्यात, लगेच, गिनी आणि तिचा तेव्हाचा मित्र डीन एका बोळात, आणि हॅरीच्या छातीतलं ते श्वापद. त्याच्या हातात जादू आहे, औषधं मिळवणं अवघड नाही. तो काहीच करत नाही. बघतो, जळतो, रॉनच्या मैत्रीचा विचार करतो आणि थांबतो. ज्यांना ही पानं पाणचट वाटतात त्यांनी ती तेराव्याच्या शेवटानंतर लगेच वाचून पाहावीत.

अठराव्यात रोमिल्डा या मुलीने हॅरीसाठी दिलेली, प्रेमाचं औषध घातलेली चॉकलेटं चुकून रॉन खातो. सगळ्या मालिकेतल्या सर्वांत विनोदी प्रसंगांपैकी हा एक. पण रॉन तिथे जे बडबडतो ते टॉम रिडलही बडबडला असेल, कित्येक महिने, आणि त्याच्याभोवती हसायला मित्र नव्हते. तेविसाव्यात हॅरी विचारतो, माझी ती खास शक्ती म्हणजे नुसतं प्रेमच का? जरा हिरमुसूनच विचारतो. डम्बलडोर म्हणतो, हो, नुसतं प्रेम. चोविसाव्यात गिनी त्याच्याकडे धावत येते. स्वतःच्या पायांनी, कुणी काही पाजलेलं नसताना.

आता गिनीबद्दलची तक्रार. ती अचानक येते, तिचं मन आपल्याला फारसं दिसत नाही, आणि हॅरीसोबतचे ते सोनेरी दिवस चार ओळींत उरकलेत. ही तक्रार खरी आहे आणि मला ती मान्य आहे. मेरोपीवर जितकी नजर लेखिकेने रोखली तितकी गिनीवर रोखली नाही. पुस्तक तिथे उणं पडतं.

चित्रपटाचं तर फारच दुःख आहे. 2009च्या त्या चित्रपटात चुंबनं ठेवली, चॉकलेटं ठेवली आणि मेरोपी काढून टाकली. पूर्ण गॉन्ट घराणं गायब. म्हणजे त्या बैठकीतल्या गृहस्थांना पुस्तकात जे दिसत होतं, एका बाजूला खेळकर लफडी आणि दुसरीकडे काळोखी कथा, ते चित्रपटाने खरं करून दाखवलं. ज्यांनी आधी चित्रपट पाहिला त्यांना सहावा भाग उथळ वाटला तर त्यांचा दोष नाही.

अजून दोन मिनिटं द्या, मुख्य गोष्ट राहिली. मेरोपीने औषध देणं बंद केलं. डम्बलडोरला वाटतं की तिला नवऱ्याला असं गुलाम करून ठेवणं सहन होईना. त्याचंही मन एव्हाना जडलं असेल, निदान बाळासाठी तो राहील, अशी तिची आशा होती. तो राहिला नाही. माझ्यासाठी संपूर्ण मालिकेतला सर्वांत धाडसाचा क्षण तो आहे. तिथे तिने त्याला पहिल्यांदा विचारलं, आणि नकार ऐकून घेतला. हॅरी तिच्यावर चिडतो, मुलासाठी जगली का नाही म्हणून. डम्बलडोर म्हणतो, तिला फार कठोरपणे तोलू नकोस, तुझ्या आईसारखं धैर्य तिच्यापाशी कधीच नव्हतं. मला डम्बलडोरचं सगळं पटतं, हे एवढं पटत नाही. धैर्य होतं, ते त्या पेल्यापाशीच खर्ची पडलं. 2007मध्ये लेखिकेनेही सांगितलं की मेरोपी जगली असती आणि तिने त्या मुलाला प्रेमाने वाढवलं असतं तर सगळं वेगळं झालं असतं.

आणि पुस्तकाच्या शेवटी, डम्बलडोरच्या अंत्यसंस्काराच्या वेळी, हॅरी गिनीला सांगतो की आता आपण एकत्र राहू शकत नाही. ती रडत नाही, धरून ठेवत नाही. ती म्हणते, मला हे माहीतच होतं. चुंबनांना नाकं मुरडणाऱ्यांनी या पानाबद्दल कधी एक शब्द काढलेला मी ऐकला नाही. तेही प्रेमाचंच पान आहे.

वेळ संपली. हॅरी-हर्मायनीवाले मागच्या रांगेत बसलेत, मघापासून हात वर आहे त्यांचा. माईक तिकडे द्या.