किड्स मेनू बाजूला ठेवा, मधल्या ताटातलं वाढा

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या फॅमिली-स्टाइल इटालियन रेस्टॉरंटमध्ये लहान मुलांना घेऊन बसलं की वेटर आधी मुलांपुढे एक कागद ठेवतो. त्यावर रंगवायचं चित्र, सोबत तीन-चार खडू आणि खाली किड्स मेनू. चिकन फिंगर्स, फ्राइज, मॅकरोनी-चीज. आज मला तुम्हाला एवढंच पटवायचंय, की खडू घ्या, चित्र खुशाल रंगवू द्या, पण त्या कागदावरून ऑर्डर देऊ नका.

का, ते सांगते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी साडेतीनची. दोघांना घेऊन आम्ही महिन्यातून एकदा तरी असं जेवायला जातो.

फॅमिली-स्टाइलमध्ये प्रत्येकाची वेगळी प्लेट येत नाही. परातीएवढं ताट टेबलाच्या मधोमध येतं आणि सगळ्यांनी त्यातून वाढून घ्यायचं. इटलीतल्या रेस्टॉरंटमध्ये सहसा असं नसतं. तिथे ज्याचा त्याचा पास्ता येतो, आणि मांस-मासे त्यानंतर, वेगळ्या प्लेटमध्ये. ही मोठ्या ताटाची रीत अमेरिकेतली. 1880 ते 1920 या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन इथे आले, बहुतेक दक्षिण इटलीतली गरीब माणसं. गावाकडे मांस सणासुदीलाच मिळायचं, इथे ते परवडायला लागलं. म्हणून मीटबॉल मोठे झाले आणि थेट स्पॅगेटीवर येऊन बसले. वांग्याच्या पार्मिजानात, म्हणजे वांग्याचे काप, टोमॅटो सॉस आणि चीज यांच्या थरांत, वांग्याच्या जागी चिकन आलं. रविवारी दुपारी सगळं घर एका टेबलाशी बसायचं. ते रविवारचं जेवण पुढे रेस्टॉरंटवाल्यांनी उचललं. न्यू यॉर्कच्या अपर वेस्ट साइडला ‘कारमाइन्स’ 1990 मध्ये सुरू झालं, शिकागोत ‘मॅजियानोज’ 1991 मध्ये. 

आता हे आपल्या घरच्यासारखंच झालं की नाही? मध्ये भाजीची कढई, भाताचं पातेलं, आणि "घे गं, वाढून घे." मुलांना ही पद्धत आधीच ठाऊक असते. किड्स मेनू मागवला की नेमकी तीच मोडते. मुलाची प्लेट आधी येते, दहा मिनिटांत त्याचं आटोपतं, आणि आपलं ताट येतं तेव्हा मूल खुर्चीतून खाली उतरायला लागलेलं असतं. शिवाय ते जे खातं ते टेबलावर दुसरं कुणीच खात नसतं. मग नवीन काही चाखून बघायचं कारणच उरत नाही.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत. मुलांच्या खाण्याबद्दल त्यांनी एक साधी वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं, हे आईवडिलांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलानं. घरी हे पाळणं मला फार जड जातं. मधल्या ताटाशी बसलं की ते आपोआप होतं, कारण वाढायचा चिमटा मुलाच्या हातात देता येतो.

मागच्या वेळी आम्ही रिगाटोनी मागवली होती. बोटभर जाड नळ्या, अंगावर उभ्या रेघा, त्या रेघांत लाल सॉस भरलेला. मी ताट मुलीकडे ओढलं, चिमटा तिच्या हातात दिला आणि माझा हात नुसता खाली धरून ठेवला. पहिली नळी सटकली, टेबलावर पडली. दुसरी तिनं दोन्ही हातांनी चिमटा दाबून प्लेटपर्यंत नेली. मग ती बोटात घातली, अंगठीसारखी. फिरवून पाहिली. कडेचा सॉस चाटला. मग कुठे दातानं जराशी तोडली. मी गप्प राहिले, आणि खरं सांगते, गप्प राहणं हेच त्यातलं अवघड काम आहे. थोड्या वेळानं तिनं स्वतःहून पुन्हा चिमटा मागितला. अख्ख्या जेवणात सहा नळ्या खाल्ल्या. ब्रोकोलीचा एक तुरा घेतला, हुंगला आणि प्लेटच्या कडेला ठेवून दिला. मला तेवढंही पुरतं. नवा पदार्थ मुलं आठ-दहा वेळा समोर आल्यावर कुठे तोंडात घालतात, आणि हुंगणं त्यातलंच एक.

तुमचं मूल सॉस लागलेलं काहीच खात नसेल, तर ऑर्डर देताना सांगा, "थोडा पास्ता साधा ठेवा आणि सॉस वेगळ्या वाटीत द्या." यात संकोच कसला? इटलीतही पोरांना असाच देतात, नुसतं लोणी किंवा ऑलिव्ह तेल आणि वर चीज. ‘पास्ता इन बियांको’ म्हणतात त्याला. मूल त्या वाटीत नळी बुडवून बघतं, आणि सॉसची ओळख तिथून सुरू होते.

किती मागवायचं? एक ताट तीन-चार जणांना होतं, कुठे कुठे त्याहून जास्त. चार मोठे आणि दोन लहान असाल तर एक सॅलड, एक पास्ता आणि एक मोठा पदार्थ. बस. कमी पडलं तर मागवता येतं. आणि ब्रेडची टोपली आली की प्रत्येक पोराला एक तुकडा देऊन ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवा. गार्लिक ब्रेडवर पोट भरलं की पुढचं सगळं वाया जातं.

आता शाकाहारी घरांसाठी, कारण भारतातून आजी-आजोबा आले की हा प्रश्न येतोच. माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. पास्त्याचा तुकडा मोडून बघत म्हणाल्या, "हा तर बन्सी रवा." अगदी बरोबर. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आणि ड्युरम म्हणजेच आपला बन्सी. सुक्यात बहुधा अंडं नसतं, ताज्या पास्त्यात असू शकतं. रॅव्हिओली किंवा फेटुचिनी मागवताना विचारून घ्या.

लाल सॉस मात्र फसवतो. मरिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण आणि तेल. मेनूवर ‘संडे सॉस’ किंवा ‘संडे ग्रेव्ही’ दिसली तर ती मांसाचे तुकडे आत घालून तासन् तास शिजवलेली असते. तुकडे काढून वाढली तरी ती शाकाहारी नाही. मिनेस्ट्रोनी सूप भाज्यांचं दिसतं, पण ते मांसाच्या रश्शात केलेलं असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे असतात. आणि पार्मिजानो रेजानो हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनंच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पदार्थानंच बनतं, तसा त्याचा नियमच आहे. कुणी काय पाळायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण आजीला हे आधी ठाऊक असायला हवं. सासूबाईंच्या वाट्याचं चीज आम्ही बाजूला ठेवायला सांगितलं, आणि वांग्याच्या थरांऐवजी मरिनारातली साधी पेने मागवली. त्यांनी दोनदा घेतली.

[कॅमेऱ्याजवळ येऊन]

हे मात्र नीट ऐका. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या प्लेटमध्ये अख्खा चेरी टोमॅटो जाऊ देऊ नका. त्याचे उभे चार तुकडे करा. ऑलिव्हची बी काढा. मीटबॉल बारीक करून द्या. मोझरेलाची लांब तार सुटते, ती कापूनच द्या. लझान्या वरून निवलेला दिसतो, पण आतल्या थरात वाफ कोंडलेली असते, म्हणून मुलाचा तुकडा आधी फोडून ठेवायचा. पेस्टोमध्ये पाइन नट्स असतात, काही ठिकाणी काजू किंवा अक्रोड. अ‍ॅलर्जी असेल तर बसल्या बसल्या, ऑर्डरच्या आधी सांगा. एकाच ताटातले चमचे सगळीकडे फिरतात, त्यामुळे इथे तो धोका जास्त. आणि तिरामिसू पोरांना नकोच. त्यात कडक कॉफी, बहुतेक वेळा दारू आणि कच्चं अंडं असतं.

आता वेळ. मुलगा दोन वर्षांचा असताना आम्ही एका शनिवारी संध्याकाळी साडेसातला गेलो. टेबलासाठी पन्नास मिनिटं थांबलो. जेवण आलं तेव्हा तो माझ्या खांद्यावर हुंदके देत झोपला होता, आणि मी एका हातानं गार पास्ता खाल्ला. दोष त्याचा नव्हता. त्याची झोपायची वेळ टळून गेली होती. तेव्हापासून आम्ही पाचला जातो, शक्यतो मधल्या वारी. स्वयंपाकघर रिकामं असतं, ताट लवकर येतं, कोपऱ्यातला बाक मिळतो आणि वेटरला आपल्याशी बोलायला वेळ असतो. घरून निघताना मुलांना थोडं केळं दिलेलं असतं, म्हणजे भुकेनं रड नाही आणि जेवणाची भूकही शाबूत.

टेबलाखाली पडतंच. उठायच्या आधी मोठे तुकडे मी उचलते, आणि मुलगाही उचलतो. जो माणूस तिथे झाडणार, त्याला आपण चांगली टिप द्यायची. वीस टक्के धरून चाला. सहा किंवा जास्त माणसं असतील तर बऱ्याच ठिकाणी 18 टक्के आधीच बिलात धरलेले असतात, तेवढं बघून घ्या.

आणि उरलेलं डब्यात भरून मागायचं, त्यात कसली लाज नाही. दुसऱ्या दिवशी तव्यावर घ्या, दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवा, दोन मिनिटं मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये पास्ता चिवट होतो. त्या दिवशीची रिगाटोनी मी अशीच गरम करून मुलीच्या शाळेच्या डब्यात दिली, वर ब्रोकोलीचा एक तुरा ठेवून. डबा परत आला तेव्हा नळ्या संपल्या होत्या, आणि तुऱ्याचा वरचा शेंडा कुणीतरी कुरतडला होता.