वन्समोर!

(काळोख. ऑर्गनचा सूर. पद संपतं.)

तबला समेवर थांबला, टाळ्या पडल्या आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, वन्समोर! झालं, नाटकातली गोष्ट आता थांबली. विंगेकडे निघालेला नट परत मधोमध येणार, समोरची नटी, जिला खरंतर पुढचं वाक्य घ्यायचंय, ती पदर धरून तशीच उभी राहणार, आणि ऑर्गनवाला पायानं भाता मारत तोच सूर पुन्हा धरणार.

शब्द इंग्रजी, पण इंग्रज स्वतः असं ओरडत नाहीत बरं का. ते म्हणतात आन्कोर, जो आहे फ्रेंच, अर्थ पुन्हा किंवा अजून. मग फ्रेंच लोक काय ओरडतात? तर बीस! म्हणजे दोनदा, आणि तो आला लॅटिनमधून. खूश झालं की आपल्या भाषेत ओरडायचंच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय बहुतेक.

लंडनमध्ये ही आन्कोरची सवय जुनी, १७१२ च्या स्पेक्टेटर या तिथल्या नियतकालिकामध्ये तिची टिंगल सापडते. व्हिएन्नात तर १७८६ च्या मे महिन्यात मोझार्टच्या फिगारो या ऑपेराला, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाला, इतके आन्कोर पडले की प्रयोग लांबतच गेले, शेवटी सम्राट दुसरा जोसेफ यानं हुकूमच काढला, एकट्यानं गायलेलं परत घ्या हवं तर, दोघातिघांनी मिळून गायलेलं अजिबात नाही.

आपल्याकडे असा हुकूम काढणार कोण? १८८० ला किर्लोस्करांचं शाकुंतल आलं, पुढे बालगंधर्वांच्या काळात तर रात्री सुरू झालेलं नाटक पार पहाटेपर्यंत चालायचं, आणि त्यात वन्समोरचा वाटा चांगलाच मोठा. पण लोक तेच ते ऐकायला थोडीच मागायचे, दुसऱ्या खेपेला तान वेगळी, जागा वेगळी, पहिल्यांदा हातचं राखलेलं काहीतरी आता बाहेर येणार याची हाव असायची ती.

आणि मराठीनं या शब्दाचं काय केलं बघा, सरळ नाम केलं, तेही पुल्लिंगी. पद वन्समोर घेतं, प्रेक्षक वन्समोर देतात, काल तीन वन्समोर झाले. हे इंग्रजीत बोलून बघा एकदा!

हल्लीच्या रॉक कॉन्सर्टमध्ये बँड आत जातो, लोक ओरडतात, बँड परत येतो, आणि ती गाणी बऱ्याचदा आधीच यादीत लिहिलेली असतात. मला तरी हे जरा फसवल्यासारखंच वाटतं. त्यापेक्षा अमेरिकेचा गायक एल्विस प्रेस्ली बरा, तो आन्कोर द्यायचाच नाही, लोकांनी घरी जावं म्हणून एल्विस इमारतीतून गेलाय असं माईकवरून सांगावं लागायचं.

कॉलेजच्या गॅदरिंगला मात्र वन्समोर वेगळ्याच कामाला येतो. आमच्या वेळी एकजण नाचता नाचता वायरीत पाय अडकून आडवा झाला, मागून लगेच वन्समोर, तो उठला, कपडे झटकले आणि परत पडला, यावेळी गिरकी घेऊन.